डावी बाजू

सेल्फ नीट फिरत होता. बॅटरी दमलेली नव्हती, आवाजातही कुठे कसर नव्हती. पण इंजिन काही धरत नव्हतं. पोपट ठोंबरेनं किल्ली मागे घेतली, जरा थांबला आणि पुन्हा फिरवली. व्हॅन नुसती धापा टाकल्यासारखी हलली आणि गप्प झाली.

मागच्या बाकांवर शाळेची मुलं दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती. एरवी ही व्हॅन सुरू झाली की भिसेगावच्या त्या गल्लीतल्या बायका घड्याळ न बघता पोळ्या आवरत्या घ्यायच्या. आज त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पेट्रोल संपलं असंल काका," समोरची भाग्यश्री म्हणाली. तिची मुलगी पुढच्या सीटवर बसली होती.

"कालच भरलंय."

"मग काय झालं?"

"तेच बघतोय ना."

पोपटनं खाली उतरून व्हॅनभोवती एक फेरी मारली. दारं रात्री कुलूपबंद होती, काच शाबूत होती. टाकीचं झाकण घट्ट बसलेलं होतं. जन्म ड्रायव्हिंगमध्ये गेलेला हा माणूस. रसायनीच्या एका कंपनीत त्यानं ॲम्ब्युलन्स चालवली होती. वायूनं गुदमरलेली, भाजलेली, हात अडकलेली माणसं मागे घेऊन तो पाताळगंगेच्या काठानं पनवेलला धावला होता आणि एवढ्या वर्षांत कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. निवृत्तीनंतर ही व्हॅन घेतली. पळसदरीच्या पुढच्या शाळेत मुलं सोडायची, दुपारी आणायची. त्याची गाडी अशी एकाएकी, न सांगता बंद पडत नसे. बंद पडली म्हणजे कुणीतरी पाडली, एवढं त्यानं फेरी पूर्ण होण्याआधीच ठरवून टाकलं.

तेवढ्यात नागूची रिक्षा गल्लीत शिरली. नागू स्टँडवर रिक्षा लावायचा आणि शाळेची मुलं मिळावीत म्हणून बरेच दिवस खटपट करत होता. पालकांकडे जाऊन बोलूनही आला होता. काल संध्याकाळी तो व्हॅनला टेकून फोनवर बोलत उभा असलेला पोपटनं खिडकीतून पाहिला होता.

"काका, नाय होत का सुरू?" नागूनं विचारलं. "पोरांना सोडू का मी? उशीर होईल त्यांना."

"तू बरोबर टायमाला आलास."

"म्हंजी?"

"म्हंजी काय ते तुला म्हाईत. काल गाडीला चिकटून काय करत होतास?"

नागूनं रिक्षा बंद केली.

"फोन लागत नव्हता काका, तिथं रेंज येते म्हनून उभा होतो," तो शांतपणे म्हणाला. "तुमची गाडी बंद पाडून पोरं मिळवायची असती तर आजवर कधीच पाडली असती. पोरं द्यायची का नाय, तेवढं बोला."

पोपट पुन्हा टाकीचं झाकण चाचपू लागला. भाग्यश्रीनंच मुलीला उतरवून रिक्षात बसवलं. नागूनं दोन फेऱ्या करून सगळी मुलं पोचवली. पहिली खेप निघताना एक लहानगा मागच्या फटीतून पोपटकडे बघून हात हलवत होता. पोपटच्या ते लक्षातही आलं नाही.

घरातून सुंदरानं आवाज दिला, "चहा ठेवलाय."

तो ओट्यावर येऊन बसला. "कुठं हाय चहा?"

"हा काय, डाव्या हाताशी."

अलीकडे हे रोजचंच झालं होतं. बायको चहा ठेवला म्हणते आणि समोर चहा नसतो, मग बघावं तर कुठेतरी भलतीकडेच ठेवलेला. हिचं डोकं आता ठिकाणावर राहात नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. पण आज त्याचं मन दुसरीकडे होतं. त्यानं शिळफाट्याला मकसूदला फोन लावला.

मकसूद रसायनीच्या कंपनीत गाड्यांच्या दुरुस्तीला होता, त्या वेळची ही ओळख. पुढे त्यानं खोपोलीत शिळफाट्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. फोन ठेवल्यावर पोपटला आठवलं की गेल्याच आठवड्यात व्हॅन सर्व्हिसिंगला मकसूदकडे होती. चांगला पार्ट काढून जुना बसवला असेल तर? मकसूद असं करणार नाही. पण आता गॅरेज मुलगा सलमान बघतो. नव्या पोरांचं काय सांगावं.

मकसूद मोटारसायकलवरून आला. इंजिन पुढच्या सीटखाली होतं, त्यावरचं झाकण त्यानं उघडलं आणि कामाला लागला. पोपट त्याच्या हातांवरून नजर काढीना.

"काय बघताय पोपटभाऊ? हात माझेच हायेत."

"काय नाय. कर तू."

"हे बघा, सेल्फ मारतोय म्हंजी बॅटरी बरी हाय. आता राहिल्या दोन गोष्टी. प्लगला करंट येतो का, आन् पेट्रोल वर येतं का."

त्यानं एक प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि पोपटला किल्ली फिरवायला लावली. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली.

"करंट हाय. आता सेल्फ मारू नका, नुसती किल्ली चालू करा आन् गप्प राहा." मकसूद मागच्या सीटपाशी वाकला, कान खाली लावला. "पुन्हा करा. पुन्हा." मग तो उठला. "टाकीतल्या पंपाचा आवाज येत नाय. किल्ली दिली की क्षणभर घुर्रर्र करतो तो. हा मुकाच हाय."

"पंप गेला? गेल्या आठवड्यात तर तुझ्याकडं बरा होता."

मकसूदनं त्याच्याकडे एकवार पाहिलं. बोलण्यातला काटा त्याला कळला होता. पण त्यानं तो तसाच सोडून दिला, डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं. टॉर्च लावून बराच वेळ बघितलं.

"भाऊ, या."

पोपट वाकला. काळ्या ठोकळ्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती.

"पंपाचा रिले नाय इथं. याच्याशिवाय पंपाला वीज जात नाय." मकसूद बाहेर येऊन गुडघे झटकू लागला. "हा आपोआप पडत नाय. कुनीतरी ओढून काढलाय. आन् दार किल्लीनं उघडून काढलाय."

ही युक्ती पोपटचीच होती. व्हॅन नवी होती तेव्हा लग्नाला, जत्रेला गेलं की चोरीच्या भीतीनं तो रिले काढून खिशात ठेवायचा. पुढे कंटाळा आला आणि ते सुटलं. काढायचा कसा हे त्यानं घरच्यांनाच दाखवलं होतं. नागूला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मकसूदनं तो काढून पुन्हा स्वतःच दाखवण्यातही अर्थ नव्हता.

राहिला संतोष. एकुलता मुलगा. खालापूरकडे एका कारखान्यात कामाला. 'बाबा, आता गाडी विका, घरी बसा' असं तो दिवाळीपासून म्हणत होता आणि त्यावरून बापलेकांचं बोलणं जवळपास बंद झालं होतं.

संतोष रात्रपाळी करून आला तेव्हा पोपट ओट्यावरच बसला होता. मकसूद गल्लीत हात पुसत उभा होता.

"दे," पोपट म्हणाला.

"काय?"

"रिले दे. तोंडानं सांगून मी ऐकत नाय म्हनून हे असलं सुचलं तुला? पोरांच्या आयांसमोर माझी शोभा केलीस."

संतोषनं पाठीवरची बॅग खाली ठेवली. रात्रभराच्या जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, मी रात्रभर कारखान्यात होतो. आन् मला तुमची गाडी थांबवायची असती तर चोरून नसती थांबवली. तोंडावर सांगतोच हाय ना? त्याच्यापायी तुमी माझ्याशी बोलत नाय."

"मग कोन? भुतानं काढला?"

"त्याला काय विचारताय?" सुंदरा उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिनं पदराचं टोक पुढे घेतलं, त्याची गाठ दातानं सैल केली आणि काळा ठोकळा ओट्यावर ठेवला. पोपटच्या उजव्या हाताशी ठेवला. "मी काढला. पहाटं, तुमी आंघोळीला गेलात तवा."

पोपट त्या ठोकळ्याकडे बघत राहिला. पूर्वी जत्रेत तो हाच रिले तिच्या हवाली करायचा आणि ती तो असाच पदराला बांधून ठेवायची.

"तू?"

"व्हय."

"का?"

सुंदरा ओट्याच्या कडेला बसली. मकसूद जायला निघाला, तशी ती म्हणाली, "थांबा मकसूदभाई, तुमीबी ऐका. चोरून ठेवन्यासारखं आता काय नाय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चहा तुमच्या डाव्या हाताशी ठेवला तर तो तुमाला दिसत नाय. पयल्यांदा मला वाटलं, लक्ष नसंल. मग मी मुद्दाम ठेवून बघू लागले. रोज. उजवीकडं ठेवला की गुमान उचलता. डावीकडं ठेवला की मला विचारता कुठं हाय."

पोपटनं ओट्यावर डाव्या बाजूला हात फिरवून पाहिला.

"परवा मी तुमच्यासंगं पुढं बसले होते. पळसदरीच्या वळनावर मी थांबा म्हनले, आठवतं? तुमी म्हनालात काय झालं. मी म्हनले काय नाय. एक बाई मोळी घेऊन कडंनं चालली होती. आपली गाडी मोळीला घासली. ती नाल्यात जाऊन पडली, आन् तुमी गानं लावायला हात पुढं केलात. मी आरशात बघत होते तिला. उठून बसली तवा माझ्या जिवात जीव आला."

"तवाच का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मानलं असतं? म्हनला असतात, तीच मधे आली. आन् दुसऱ्या दिवशी पोरं भरून निघाला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "काल रविवार, मी रिक्षानं गेले होते तिच्याकडं. मैना नाव तिचं. वरच्या वाडीतली हाय. कोपर सोलवटलंय. मी पट्टी बांधली. तिनं विचारलं, तुमी कोन. मला सांगता आलं नाय."

गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. पोपटला तिची घंटी ऐकू आली, सायकल दिसली नाही.

त्याला सगळं ठाऊक होतं. खोपोलीच्या नेत्रशिबिरात डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, औषध घाला आणि गाडी चालवणं सोडा. घरी येऊन त्यानं सांगितलं, नजर एकदम झकास. औषध तो व्हॅनमध्ये बसूनच घालायचा. समोरचं तर दिसतंय, एवढ्यावर त्यानं स्वतःला पटवलं होतं. आणि सकाळपासून तो एकेकाच्या तोंडाकडे चोर म्हणून बघत होता.

"मला वाटत होतं, तूच विसरायला लागलीस," तो म्हणाला.

"ठाव हाय मला."

"किती दिवस ठेवनार होतीस पदराला?"

"तुमी विचाराल तवर. कुनाकुनाला विचारता ते बघत होते. शेवटी माझ्यापाशी येनार, हे ठाव होतं. पन पोरावर आलात, मग नाय राहवलं."

पोपट उठला. रिले त्यानं मकसूदकडे दिला नाही. स्वतःच डॅशबोर्डखाली हात घातला, बोटांनी चाचपत रिकामी जागा शोधली आणि दाबून बसवला. किल्ली दिली तशी मागून पंपाची घुरघुर आली. पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झालं. तो स्टेअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ नुसता बसला. मग गाडी बंद केली, खाली उतरला आणि किल्ली सुंदराच्या हातात न देता संतोषकडे दिली.

"झोप आता तू," त्याला म्हणाला. "मघाशी बोललो ते धरून बसू नको."

"नाय धरत बाबा."

मकसूद मोटारसायकल हातानं ढकलत निघाला, त्याला सोडायला पोपट चार फाट्यापर्यंत चालत गेला. वाटेत म्हणाला, "तुझ्यावरबी घेतला होता संशय."

"कळलं होतं मला," मकसूद म्हणाला. "पंप गेला म्हनालात तवाच. डॅशबोर्डखाली डोळ्याच्या औषधाची बाटली दिसली. घालताय का पन?"

"घालतो."

"घाला. आहे तेवढं तरी राहील."

परतताना पोपट स्टँडवर थांबला. नागू रिक्षात बसून डबा खात होता. पोपटला बघून त्यानं डबा बाजूला ठेवला.

"भाग्यश्रीसमोर बोललो होतो," पोपट म्हणाला. "तिच्यासमोरच शब्द परत घेनार हाय. उद्या सकाळी ये."

"राहू द्या काका."

"तेवढ्यासाठी नाय. गाडी चालवायला ये. माझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाय." हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. नागूच्या मागे उभा असलेला दुसरा रिक्षावालाही वळून बघू लागला, पण आता पोपटला त्याचं काही वाटलं नाही. "पोरं तुला वळखत नायत अजून. काही दिवस मी संगं बसंन."

नागूनं डब्याचं झाकण लावलं. "येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोपट पुढे, डावीकडच्या सीटवर बसला. भाग्यश्रीच्या दारात त्यानं बोलल्याप्रमाणे शब्द परत घेतला. ती नुसतं हसून आत गेली. मग एकेका वळणावर तो नागूला सांगत होता: इथं हॉर्न नको, घरात बाळंतीण आहे, ह्या मुलीला खिडकीपाशी बसव, तिला घाटात उलटी होते, त्या पोराची आई उशीर करते, तिच्यावर चिडायचं नाही. नागू 'हां हां' म्हणत होता.

पळसदरीच्या वळणावर नागूनं गाडी अगदी सावकाश केली.

"का रं?" पोपटनं विचारलं.

"मोळीवाली हाय ना कडंला."

पोपटनं समोर पाहिलं. डांबर, वळणावरचा दगडी कठडा, वर डोंगर. कुणीच नव्हतं. मग त्यानं मान वळवली, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत वळवली, तेव्हा ती दिसली. हात बाहेर काढला असता तर मोळीला लागला असता, इतकी जवळ. रस्ता सोडून गवतात उतरून ती व्हॅन जाण्याची वाट बघत थांबली होती. कोपराला सुंदराच्या जुन्या लुगड्याची पट्टी होती.

पोपटनं खिडकीत हात वर केला आणि तो बराच वेळ तसाच धरला.

मैनेनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मोळीला होते.