पाच वाजताचं बोलावणं

कोपरा दुमडलेला — डावीकडचा, खालचा — आणि त्यावर कात्रीच्या टोकानं ओढल्यासारखी एक पांढरी रेघ... चॉकलेटचा तो चपटा डबा हातात घेतला तेव्हाच तेमेनुगाला कळलं, हा आपलाच. म्हणजे आपण दिलेला. कुणाला, ते आठवेना — चुलतबहिणीला, बालमैत्रीण वेर्काला, की दातांच्या डॉक्टरीणबाईंना — पण तिथून तो कुणीही न फोडता किती कपाटांत राहिला असेल, किती काखांतून लोम गावातल्या जिन्यांवर वरखाली झाला असेल, आणि आता वरच्या मजल्यावरच्या स्तोयानकाकांच्या हातून पुन्हा इथेच, माशाचा वास असलेल्या या स्वयंपाकघरात.

"नाव सुखानं मिरव, पोरी," काका म्हणाले. "दार लोटलेलं होतं म्हणून आत आलो."

"आज लोटलेलंच असतं की, काका."

"हो, पण आता काही सांगता येत नाही. तू लोकांना बोलावलंस म्हणे."

तिनं माशावर लिंबू पिळलं. आधीच पिळलेलं होतं, तरी पिळलं.

"वेर्का खाली भेटली, रडकुंडीला आलेली. म्हणते, तेमेनुगानं फोन करून पाच वाजता या म्हटलं, नक्की डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. मी म्हटलं, बाई, अजून तरी आमच्या जिन्यात कुणी गेल्याचा काळ्या चौकटीचा कागद लागलेला नाही." काकांनी राकिया दारूचा छोटा पेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि खाली ठेवला. "मला नाही बोलावलंस ते बरं केलंस. बोलावलं असतंस तर आलो नसतो."

स्वतःच्याच विनोदावर ते बराच वेळ हसले. तीही हसली. हसताना तिला वाटत होतं, माझा चेहरा दिसतोय का त्यांना... कारण काकांना बोलावलं नव्हतं ते विसरून नव्हे. तिची जुनी मैत्रीण स्नेझाना — आता क्रीम-शांपूच्या साखळी-विक्रीत, माणसाला माणूस जोडायच्या धंद्यात — म्हणाली होती, म्हातारे नकोत. प्रत्येक माणूस म्हणजे एक दार असतं बघ, त्याच्यामागे आणखी दहा दारं; म्हाताऱ्यांच्या मागे नुसती भिंत. हे ती दुष्टपणानं म्हणाली नव्हती. भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाली होती. आणि तेमेनुगानं खरंच मनातल्या मनात स्तोयानकाकांच्या मागे डोकावून पाहिलं होतं — एक शेगडी, एक रेडिओ, बायकोचा हिवाळी कोट — आणि पुढच्या माणसाकडे वळली होती.

काल दुपारी ती टेलिफोनजवळ बसली होती तेव्हा तिनं पहिला नंबर दोनदा अर्धवट फिरवला होता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात या दिवसाला तिनं कधी कुणाला बोलावलं नव्हतं. कुणीच बोलावत नाही. ईस्टरच्या आधीचा हा रविवार, चर्चमधून विलोच्या डहाळ्या आणून दारावर लावायचा, ज्यांची ज्यांची नावं फुलांवरून आहेत त्यांच्या नावाचा — रानातल्या जांभळ्या तेमेनुगा फुलाच्याही. तुम्ही फक्त मासा भाजायचा, दार लोटून ठेवायचं आणि गप्प बसायचं. ज्यांना आठवतं ते येतात. ज्यांना नाही आठवत ते येत नाहीत, आणि तुम्हांला ते कळतं — त्यासाठीच तर दिवस असतो. नवरा, किरील, होता तेव्हा खुर्च्या शेजारून आणाव्या लागत. तो गेल्यावर पहिल्या वर्षी पुष्कळ आले, दयेनं. गेल्या वर्षी तिघं. मुलगी हॅम्बुर्गहून फोनच्या पडद्यावर आली, तिच्या मागे एक अनोळखी फ्रिज होता.

"बोलावतेस?" काल वेर्का म्हणाली होती. "बोलावतेस म्हणजे काय गं?"

"म्हणजे... पाच वाजता ये."

"आणि चार वाजता आले तर?"

यावर काय बोलायचं ते स्नेझानानं शिकवलं नव्हतं.

काका गेले. डबा टेबलावर राहिला. ती खुर्च्या मांडू लागली, आणि मांडता मांडता — कसं सुरू झालं कुणास ठाऊक — प्रत्येक खुर्चीवर एकेक गोष्ट बसायला लागली.

खिडकीकडच्या खुर्चीवर: विदीन शहरातल्या हॉटेलातला, कंपनीच्या सभेचा तो हॉल. स्नेझाना तिला बसनं घेऊन गेली होती. एका बाईनं माइक तिच्या तोंडाशी धरला, तुमचं नाव? — तेमेनुगा. फक्त एवढंच. आणि शंभरेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. नुसतं नाव सांगितल्याबद्दल. परतताना बसमध्ये तिचे तळहात गरम होते, जणू टाळ्या तिनंच वाजवल्या होत्या.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर: सकाळ. म्हणजे सकाळी उठायला कारण. शाळा बंद झाली — मुलंच उरली नाहीत गावात, मग शाळेच्या कचेरीत बसून ती कुणाचे दाखले लिहिणार — तेव्हापासून सकाळ नुसती उजाडते. या धंद्यात निदान कुणीतरी विचारतं, आज काय केलंस?

समोरच्या खुर्चीवर, भिंतीकडे पाठ करून: भाचेसून देसिस्लावाचं न्हाणीघर. ओळीनं शांपूच्या बाटल्या, दोन माणसांना दहा वर्षं पुरतील एवढ्या. तीही याच धंद्यात; दर महिन्याला ठरलेला माल उचलावा लागतो, नाहीतर वरची पायरी जाते. ती स्वतःच विकत घेते, स्वतःच केस धुते. केस छान झालेत तिचे, हे खरं.

आणि तिच्या शेजारी: बाजारात स्नेझाना दिसली की टोमॅटो तसेच ठेवून दुसऱ्या गल्लीत वळणारी वेर्का... ही खुर्ची जरा डुगडुगते. हिच्यावर कुणाला बसवू नये.

पाचवी खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची ते तिला ठरवता आलं नाही. कारण तिच्यावर स्नेझाना स्वतः बसली होती. पूर्वीची स्नेझाना — शाळेच्या कचेरीत समोरच्या टेबलाशी, नवरा ट्रक घेऊन इटलीला गेला आणि ट्रकसकट तिकडेच राहिला त्या वर्षातली, जी दिवसदिवस बोलत नसे आणि बोललीच तर हाताआड, पुढचा दात पडलेला म्हणून. आणि आताची, टाचांच्या बुटांतली, सोफिया शहरातल्या सभागृहात भाषण करणारी. ही एकच बाई. ही जर फसवणूक असेल तर दात कुठून आला? आणि फसवणूक नसेल तर...

संध्याकाळी स्नेझानाला हो किंवा नाही सांगायचं होतं. पलंगाखाली ती धंद्याच्या सुरुवातीची, मालाची पेटी होती, अजून न उघडलेली. न उघडलेली परत घेतात. पण पाहुण्यांसमोर एकदा उघडली की ती तिची. मग त्यातलं एकेक काढून वेर्काच्या हातावर चोळायचं आणि म्हणायचं, बघ, किती मऊ झाला. वेर्काचा हात तिला लहानपणापासून ठाऊक होता. तो कधीच मऊ नव्हता, आणि त्याचं कधी कुणाला काही वाटलं नव्हतं.

स्नेझाना ठरल्याआधीच आली. हातात सात ट्यूलिप, काखेत गुंडाळलेला तक्ता. गालाला गाल लावला आणि थबकली.

"अगं, हे काय? मासा?"

"आज मासाच असतो."

"ते मला माहीत नाही होय? पण या वासात क्रीमचा वास कसा कळणार, राणी? बाल्कनीत ठेव जरा. झाल्यावर आणू."

"मांजर खाईल."

"मग मांजरालाही सभासद करू," स्नेझाना म्हणाली, आणि दोघी हसल्या, जुन्या कचेरीतल्यासारख्या, पोट धरून. हसत हसतच त्यांनी माशाचं ताट बाल्कनीत नेलं आणि त्यावर पातेलं पालथं घातलं. खाली घरांच्या पलीकडे दुनाव नदी राखाडी वाहत होती, आणि बंदरातली थांबलेली क्रेन, पाण्यात काहीतरी विसरल्यासारखी वाकून.

"एवढ्या खुर्च्या कशाला मांडल्यास? चार ठेव. रिकाम्या खुर्च्या बोलतात."

"कुणी आपणहून आलं तर?"

स्नेझाना कपाटावर छोट्या बाटल्या मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडे ऑगस्टमध्ये कलिंगडं चिरून ठेवली होती मी. दोन. माझ्या नावाचा दिवस. दार रात्रीपर्यंत उघडं." एक बाटली तिनं किंचित तिरकी केली, मग सरळ. "माझ्याकडे आता बोलावल्याशिवाय कुणी येत नाही, तेमे. म्हणून तुला सांगते. बोलावलं की येतात. तेवढं मला जमलंय."

तेमेनुगानं पाचवी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. ऑगस्टमध्ये आपण कुठे होतो... गावातच होतो. उन्हं फार होती.

पाच वाजता बोलावलेल्या बायका आल्या. चौघीही एकदम, जणू कोपऱ्यावर भेटून, ठरवून. अशा कधी येत नाहीत लोक. एक जिन्यात धापा टाकतो, दुसरा अर्धं जेवण झाल्यावर उगवतो, तिसऱ्याला पुन्हा ताट वाढावं लागतं. या चौघी दंतवैद्याकडे बसावं तशा बसल्या, पर्स मांडीवर. वेर्कानं तिचा दंड धरून कानात विचारलं, "खरं सांग, गाठ आहे का?" आणि नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि मग, तक्त्याकडे नजर गेल्यावर, दुसरं काहीतरी — गाठ असती तर वेर्का रात्रभर बसली असती इथे, हात धरून.

स्नेझाना उठली. बोलू लागण्याआधी ती दारापाशी गेली आणि खटका खाली केला. "मध्येच कुणी आलं की धागा तुटतो," ती हळू म्हणाली. खटक्याचा आवाज लहानसाच झाला.

आणि ती बोलली. किती चांगलं बोलली... इटली, ट्रक, दात, ती वर्षं जेव्हा ती घरातल्या भांड्यांशीसुद्धा बोलत नव्हती. शिकवलेलं होतं त्यात, कुठे थांबायचं, कुठे हात छातीवर ठेवायचा, पण मधूनमधून शिकवलेल्याच्या खालून खरं वर येत होतं, आणि तेव्हा तिचा आवाज विसरल्यासारखा बारीक होई. चौघींपैकी एकीनं पर्स मांडीवरून खाली ठेवली. मी हो म्हणणार, तेमेनुगाला वाटलं, मी हो म्हणणार आहे, मलाही असं उभं राहायचंय, कुणीतरी माझं ऐकत असताना, मला पेटी उघडायची आहे...

दारावर टकटक झाली.

दोनदा. मग हँडल खाली गेलं, अडलं, वर आलं. बाहेरच्याला हे समजलं नसावं. आजच्या दिवशी दार अडत नाही. पुन्हा एकदा हँडल.

तेमेनुगा उठून दाराजवळच्या छोट्या बोळापर्यंत गेली, जिथे कोट टांगतात. मागून स्नेझाना बोलतच होती, पण डोळ्यांनी सांगत होती: नंतर. हात खटक्यावर. लाकडापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, जिना चढून आल्याचा. कोण असेल? शाळेतली कुणी? पुलापलीकडची ती शिंपीण, जिच्याकडे दिवसभर बायका येतात? तिच्याकडे पुष्कळ बायका येतात... तिच्यामागे दहा काय, वीस दारं... आणि मग तेमेनुगाला ऐकू आलं की आपण मोजतोय. आठवण ठेवून कुणीतरी आपल्या नावासाठी तीन मजले चढून आलंय, आणि मी त्याच्या मागे डोकावून मोजतेय.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा इच्छा केली, बाहेर कुणी नसावं.

टकटक थांबली. कागदाची चुरचुर — फुलं असावीत, कागदात गुंडाळलेली — दाराशी काहीतरी टेकवून ठेवल्याचा आवाज. मग पावलं. खाली नाही, वर. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरत, वरच्या मजल्याकडे. स्तोयानकाका. सकाळी येऊन गेलेलेच. डबा दिला होता, फुलं राहिली होती म्हणून पुन्हा आले असतील, की नुसतेच, दिवस अजून संपला नव्हता म्हणून...

आत कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरीनं. स्नेझाना म्हणत होती, "आणि आता आमची तेमेनुगा तुम्हांला एक गंमत दाखवणार आहे."

खटक्यावरचा तिचा हात गरम झाला होता. बाल्कनीत पातेलं सरकल्याचा आवाज आला. ती उभीच होती, त्या दोन आवाजांच्या मध्ये, कोटांच्या वासात, आणि वरच्या मजल्यावर आता किल्ली फिरते का ते ऐकत होती. फिरू नये, हाक पोचेल एवढी तरी अजून एक पायरी राहिलेली असावी, असं तिला वाटत होतं, इतकं की गेल्या कित्येक वर्षांत तिला कशाचंच इतकं वाटलं नव्हतं.