पश्चिमेचा कोपरा

टेबलावर हिरव्या पाण्याची बाटली होती आणि दोघंही तिच्याकडेच बघत होते. भाचीने पेन पुढे सरकवलं. मामांनी ते उचललं नाही. तळ्यावरचा उजेड खिडकीतून भिंतीवर चढला.

तीन आठवडे संशय तिच्या मनात घर करून होता. उपग्रहाच्या चित्रांत पाण्याचा रंग वाचून शेवाळ किती, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. होडीने ठरलेल्या जागी जाऊन बाटल्या भरून आणणं हे मामांचं. चित्र म्हणे, पाणी निर्मळ. बाटल्या म्हणत, शेवाळ माजलंय. मामांचे गुडघे हल्ली कुरकुरत होते, हे घरात सर्वांना ठाऊक. एवढी वल्ही मारण्यापेक्षा त्यांनी धक्क्यालगतच्या साचल्या पाण्यातच बाटली बुचकळली असणार.

कार्यालयाच्या साहेबांनी मामांच्या नावे कबुलीचा कागद करून ठेवला होता: नमुने ठरल्या जागेवरून घेतले नाहीत. तळ्यावरचा पिण्याच्या पाण्याचा पंप नव्या नमुन्यांचा निकाल येईपर्यंत बंदच राहणार होता. उद्या दुसरा माणूस नव्याने नमुने आणणार होता. सहीबरोबर मामांची एकतीस वर्षांची नोकरी मात्र संपणार होती. आणि भाचीला आज संध्याकाळी कायम नेमणुकीचं पत्र मिळणार होतं.

"साहेबांऐवजी तू बोलावलंस ते बरं," मामा म्हणाले. "निदान चहा तरी मिळाला."

ती हसली नाही. चष्मा पुसून मामांनी संगणकाच्या पडद्यावरच्या नकाशावर बोट टेकलं.

"हा पश्चिमेचा कोपरा राखाडी का गं?"

"तिथं जमीन आहे, मामा. प्रोग्राम जमीन आपोआप वगळतो."

"जमीन."

"हो."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग पेन उचलून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली आणि उठले.

ते भांडले कसे नाहीत, हेच तिला डाचू लागलं. खोटेपणा पकडला गेलेला माणूससुद्धा थोडा आरडाओरडा करतो. आता यातही काही डाव असेल, असं वाटून तिने चार महिन्यांपूर्वीचं चित्र उघडलं. पश्चिमेचा कोपरा तेव्हा निळा होता. तळं तर तेव्हापासून बोटभरही ओसरलं नव्हतं. मामांच्या नमुन्यांच्या जागा तिने आजवर नकाशावर मांडूनच पाहिल्या नव्हत्या. सगळ्या तळ्याची सरासरी काढून ती मोकळी होत असे. आता मांडल्या. बाटल्या त्या राखाडीतूनच येत होत्या. तिथलं शेवाळ इतकं दाट झालं होतं, की वरून ते गवताळ काठासारखं दिसलं, आणि प्रोग्रामने जमीन समजून तेवढंच कापून टाकलं.

कागद हातात घेऊन ती धावतच बाहेर आली. मामा जिन्याच्या तोंडाशी पोचले होते.

"तिथं पाणी आहे, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मग सही का केलीत?"

मामांनी एकदा साहेबांच्या उघड्या दाराकडे पाहिलं, जिथं तिचं नेमणुकीचं पत्र तयार होतं, आणि एकदा तिच्याकडे. मग कठडा धरून, एकेक पायरी दुखऱ्या गुडघ्याला विचारत, ते खाली उतरत गेले.