दोन मिनिटं अकरा सेकंद

वर्लीनच्या रेकॉर्डवर दोन मिनिटं अकरा सेकंदांनी एक श्वास ऐकू येतो. अर्ध्या सेकंदाहून कमी, किंचित नाकातून घेतलेला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. स्टॉपवॉच घरी असतंच. तो श्वास माझा आहे. त्याच्या पुढचा उंच सूरही माझा. रेकॉर्डवरचं ते प्रेमगीत म्हणजे आई चर्चमध्ये म्हणायची ते भजनच, फक्त शब्द बदललेलं. मेम्फिसच्या स्टुडिओत त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा, वर्लीनचा घसा बसला, आणि मी साथीला मागे उभी होते. निर्मात्यानं माझी ओळ ठेवली. वेष्टनावर तिचं नाव छापलं, तिचाच फोटो.

त्याला नऊ वर्षं झाली. ती गावोगाव गाते. मी चर्चच्या गायकवृंदात आईचं भजन म्हणते. फक्त चर्चच्या वर्धापनदिनी वर्लीन घरी येते, पास्टर तिचं नाव पुकारतात, आणि रिवाजाप्रमाणे ठरलेल्या गायिकेनं पाहुणीला जागा द्यायची असते. मी आठ वेळा दिली.

या रविवारी ती फरचा कोट घालून आली. आम्ही आतल्या खोलीत झगे चढवत होतो; ठरलेल्या गायिकेचा पांढरा पट्टा माझ्या खांद्यावर होता.

"ओडेसा, तो पांढरा पट्टा उतरव गं," वृंदाच्या प्रमुख मदर प्रुइट म्हणाल्या. "लोक तिचा तो सूर ऐकायला आलेत."

"तिचा?"

"मग काय तुझा? तू गायलीस की पहिल्या बाकावर डीकन फेल्डर घोरतात, बाई!"

"घोरू दे की," आरशात विग नीट करत वर्लीन म्हणाली. "इथे घोरले की रात्री तेवढाच त्यांच्या बायकोच्या कानाला आराम."

सगळ्या हसल्या. मीही हसले. फरमधून वर आलेली तिची लांब मान पाहिली आणि दरवर्षीसारखी नजर वळवली.

ती माझ्या कानाशी वाकली. "डेस, तो सूर तेवढा मागून लावशील ना? नेहमीसारखा? बाहेरगावी मी माइक लोकांपुढे धरते, तो सूर तेच ओरडतात, भागून जातं. इथे नाही गं चालत."

बाहेर ऑर्गन सुरू झाला. पास्टरांनी तिचं नाव पुकारलं, बाकांवरून टाळ्या उठल्या. तिनं पट्ट्यासाठी हात पुढे केला.

मी पट्टा खांद्यावर सरळ केला.

"नाही, वर्लीन. आज पुढे मी उभी राहणार. तू साथीला मागे ये."