खासदारांचे उसने बालपण

खासदार सर्जेरावांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथाचे संपादन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे बालपण आधीच टाइप होऊन आले होते. पहाटेच्या धुक्यातून एक अनवाणी मुलगा मांजरी गावाहून सायकल हाणत पुण्याच्या नारायण पेठेत दूध घालतो, परतून शाळेच्या शेवटच्या बाकावर पेंगतो आणि त्या पेंगेतच राष्ट्राचे भवितव्य पाहतो. पंचायत समिती, जिल्हा परिषद, तीन पक्ष आणि शेवटी लोकसभा, हा पुढचा सारा प्रवास त्याच सायकलवरून झाला असावा, असे वाचणाऱ्याला वाटे. मी दोन स्वल्पविराम घातले आणि मजकूर छापायला पाठवणार, तोच मांजरीचा सुखदेव नावाचा एक साठीचा माणूस माझ्या कार्यालयात येऊन उभा राहिला.

"सर, ते दूध मी घालायचो."

"म्हणजे?"

"सायकल माझी. धुकं माझं. पाय बी माझेच." त्याने चप्पल काढून टाच दाखवली. आटलेल्या नदीच्या पात्रासारखी एक भेग तिथे अजून होती. "सर्ज्याचे वडील कारखान्याचे संचालक. हा जीपमधनं शाळेत यायचा. भाषणात सांगायचा तवर मी गप होतो. भाषण वाऱ्यावर जातं, पुस्तक राहतं. परवा नातीला माझं लहानपण सांगाय लागलो, तर म्हणती, आजोबा, ही खासदारांची गोष्ट हाय, तुमची सांगा. आता मी कुठली सांगू?"

मी त्याला सर्जेरावांपुढे नेऊन बसवले.

"सुख्या, आख्ख्या मतदारसंघाला ही गोष्ट पाठ हाय," सर्जेराव म्हणाले. "आता माघारी कशी घेऊ? तू तरी मत कुणाला दिलंस?"

"तुलाच की. अनवाणी पोराची दया आली."

सर्जेराव हसले नाहीत. "प्रकाशनाला बालमित्र म्हणून भाषण कर. शाल, श्रीफळ, सगळं देतो. पण त्या सायकलीला हात लावायचा न्हाय."

"बरं. मग तुझं लहानपण मला दे. रिकामंच पडलंय."

"घे की!" मोबाइलमधून मान वर न करता खासदार म्हणाले.

प्रकाशनाला सभागृह भरले होते. सुखदेवने शाल सावरली, आणि मी त्याच्यापुढे माइक धरला.

"मी श्रीमंताघरचा. जीपमधनं शाळेत जायचो. एकदा वाटेत सर्जेराव दिसला. सायकल पंक्चर, पाय रक्ताळलेले. ड्रायव्हर म्हणाला, घेऊ का पोराला? मी म्हणालो, नको, सीट घाण होईल."

सभागृहात कुजबुज उठली. पहिल्या रांगेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका ताडकन म्हणाल्या, "अहो, चारचौघांत सांगताना लाज नाही वाटत आपल्याला?"

"वाटायला पायजे, बाई." सुखदेव सर्जेरावांकडे वळला. "पन्नास वर्षं झाली. त्या पोराची कुणीतरी माफी मागायला पायजे. काय, सर्जेराव?"

सर्जेरावांच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी सरकले. पाण्याखालून मासा जावा तसे. ती जीप त्यांना आठवली होती, यात मला शंका नाही. मग ते उठले. रुमाल डोळ्यांना लावत त्यांनी सुखदेवला घट्ट मिठी मारली आणि माइक स्वतःकडे ओढला.

"सुखदेवा, मी तुला केव्हाच माफ केलंय!"

टाळ्यांनी छत दणाणले. लोक उभे राहिले. मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसू लागल्या. त्या मिठीत गुदमरलेला सुखदेव जे पुटपुटला, ते केवळ शेजारी असल्यामुळे मला ऐकू आले.

"सर्ज्या, तू मंत्री होणार."