कर्ण्याला न कळलेली वहिनी

मित्रांनो, माझे तोंड माझ्या अंगापेक्षा मोठे आहे, आणि तरी त्यातून आजवर बाहेर पडलेला एकही शब्द माझा स्वतःचा नाही. मी एक जुना कर्णा आहे. हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा, कधीकाळी पांढरा होतो तो आता पिवळट पडलेला. मूठ फुटली म्हणून तिला चिकटपट्टीचे तीन वेढे दिले आहेत. कोणी माझ्यात तोंड घालून काही बोलले की मी ते दसपट मोठ्याने ओरडून सांगतो. त्याचा अर्थ काय, ते मात्र मला विचारू नका. मी नुसताच घसा आहे, मला डोके दिलेलेच नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटले होते, आपण सभा गाजवणार. पाठवले मला एका शाळेत. तिथे खेळाच्या सरांनी मला दहा-बारा वर्षे वापरले. "रांग सरळ करा" आणि "हा डबा कोणाचा राहिलाय?" ही माझी दोन ठरलेली वाक्ये. तरी शर्यतींच्या दिवशी माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे, आणि मुख्याध्यापिका चारचौघांत माझे कौतुक करत. मग शाळेच्या भिंतींवर स्पीकर बसले आणि माझी रवानगी खेळाच्या खोलीत, फुटक्या चेंडूंच्या टोपलीत झाली. धूळ खात पडणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

त्या गावाच्या नदीकाठी एक खालची गल्ली होती. गल्लीला लागून मोकळे मैदान, आणि मैदानात तंबू. सीमेपलीकडच्या लढाईतून जीव मुठीत धरून आलेली माणसे दोन वर्षांपासून त्या तंबूंत राहत होती. एका सकाळी नदी फुगली आणि दोन तासांत गल्ली आणि तंबू दोन्ही पाण्याखाली गेले. पाण्याने काही कोणाला विचारले नाही, तुम्ही इथले की तिकडचे.

ते विचारले मदतकचेरीने. कचेरीतला एक कारकून धावतपळत शाळेत आला, टोपलीतून मला उचलले, फुंकर मारली, सेल घातले आणि "हॅलो, हॅलो" केले. मी बोललो! इतक्या वर्षांनी बोललो, म्हणून मला भरून आले. माणूस अगदी सज्जन होता, पण आवाज बेताचा. दोन दिवसांत पोरे त्याला भोंगेकाका म्हणू लागली.

भोंगेकाकांजवळ दोन याद्या होत्या. एक निर्वासितांची, एक पूरग्रस्तांची. निर्वासितांना चादरी आणि औषधे एका कार्यालयाकडून, पूरग्रस्तांना भांडी आणि कोरडा शिधा दुसऱ्या कार्यालयाकडून. म्हणजे एकाकडे पांघरूण होते पण भात शिजवायला पातेले नव्हते, आणि दुसऱ्याकडे पातेले होते पण तो कुडकुडत होता. तंबूतले एक म्हातारे सुतार पुढे आले.

"साहेब, लढाईत घर गेलं, आता तंबू वाहून गेला. मी कोण?"

"तुम्ही आधीपासून निर्वासित आहात ना? मग तेच राहा."

"पण भिजलोय तर मी आत्ताच."

भोंगेकाकांनी दोन्ही याद्या उलटसुलट पाहिल्या. उत्तर कुठल्याच यादीत नव्हते.

मग लोकांना हलवायला दोन ट्रक आले. काका एकावर चढले आणि माझ्यातून म्हणाले, "तंबूवाल्यांनो डावीकडे या, गल्लीवाल्यांनो उजवीकडे!" आता तुम्हीच सांगा, ट्रकवरच्या माणसाचे डावे ते समोरच्यांचे उजवे नाही का? अर्धे लोक आपल्या डावीकडे गेले, अर्धे काकांच्या. मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत राहिलो आणि गोंधळ वाढवत राहिलो. त्या रेटारेटीत सहा वर्षांच्या एका मुलीचा हात सुटला. गल्लीतल्या एका आजीबाईंनी तिला उचलून आपल्या ट्रकमध्ये घेतले. तो ट्रक शाळेत गेला. दुसरा गेला गावाबाहेरच्या धान्याच्या गोदामात. मधला पूल खचला होता, त्यामुळे शाळेतून गोदामात जायला डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस लागे.

शाळेत काकांनी त्या मुलीला बाकावर बसवले आणि फॉर्म काढला. नाव विचारले तर ती 'बाळ' एवढेच म्हणाली. मी शेजारीच होतो.

"बाळ, तुझी आई कुठे आहे?"

"आई वारली. इकडे येताना वाटेत."

"आणि बाबा?"

"ते लढाईतच गेले."

"मग तुझ्याबरोबर कोण होतं?"

"वहिनी."

"वहिनीचं नाव काय?"

"वहिनीच."

"बरं, भाऊ कुठे आहे तुझा?"

"मला भाऊ नाहीये."

"भाऊ नाही आणि वहिनी आहे?" काकांनी डोके खाजवले. मग 'लहान आहे, घाबरली आहे' असे पुटपुटत त्यांनी लिहिले : आईवडील मयत, भाऊ बेपत्ता. मला तर काहीच उमगले नाही.

त्यांनी मला उचलून शाळाभर हाक दिली, "या मुलीची वहिनी इथे आहे का?" चार-पाच बायका आल्या, मुलीकडे पाहिले, हळहळल्या आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमची जीप गोदामात पोचली. थांबताच एक बाई धावत आली. पायात चप्पल नव्हती.

"साहेब, माझी मुलगी. सहा वर्षांची, पिवळा फ्रॉक. गर्दीत हात सुटला हो!"

काकांनी कागद चाळले. "शाळेत त्या वयाची एकच मुलगी राहिली आहे. पण तिची आई वारलीये. तिनंच सांगितलं."

"मग ती माझी नाही," बाई म्हणाली, आणि जायला वळली. पण परत फिरून म्हणाली, "तरी एकदा बघू द्या ना."

"जीपमध्ये पाण्याच्या कॅनलाच जागा पुरत नाही, ताई. आणि तुमचं मदतीचं कार्ड गोदामाचं आहे, ते शाळेत चालत नाही. मी विचारतो तिथं."

काका शब्दाला जागले. शाळेत परतताच मी ओरडलो, "पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीची आई गोदामात आहे!" फ्रॉक ओला म्हणून नर्सबाईंनी आल्या आल्याच, काकांनी पाहायच्या आधी, त्या मुलीला देणगीच्या गोणीतला मुलग्याचा सदरा घातला होता. तरी तिने मान वर केली. मी 'आई' म्हटले होते, आणि तिची आई तर वारली होती. तिने मान पुन्हा खाली घातली. तिच्याजवळच होतो मी, मित्रांनो, जेमतेम दोन हातांवर! आणि माझ्याच ओरडण्याने ती मान खाली गेली, याची मला आजही लाज वाटते.

सहा दिवस असेच गेले. ज्यांचे कोणी सापडले नाही अशा मुलांना दूरच्या शहरातल्या बालगृहात पाठवायचे ठरले. सातव्या दिवशी बस आली. आमच्या मुलीला आजीबाईंनी वेणी घालून दिली, पण ती बाकाचा पाय सोडेना. "मी गेल्यावर वहिनी आली तर?" एवढेच विचारत होती. काकांनी तिला उचलून बसमध्ये बसवले आणि मला तिच्या शेजारच्या सीटवर ठेवले.

वाटेत गोदामापाशी आणखी दोन मुलांना घ्यायचे होते. बस दुपारी तिथे थांबली. काका कागद घेऊन खाली उतरले. बाहेर पाण्याच्या टँकरपाशी बायकांची भली मोठी रांग लागली होती. मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. मग तिने माझ्याकडे पाहिले. ह्याच्यातून ओरडले की माणसे येतात, हे ती सहा दिवस पाहत होती. तिने मला दोन्ही हातांनी उचलले, खिडकीच्या गजांना टेकवले, बटण दाबले आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"वहिनीऽऽ!"

सगळी रांग वळली! का नाही वळणार? त्यातली प्रत्येक जण कोणाची ना कोणाची वहिनी होतीच. पण बाकीच्या नुसत्या वळल्या. एकीने भरलेली कळशी तिथेच टाकली आणि ती धावत सुटली. तीच ती, बिनचपलेची बाई. ती बसमध्ये कशी चढली ते कोणाला कळले नाही. मुलीने मला सोडून दिले, मी सीटखाली पडलो, आणि खालून मला फक्त चार पाय दिसत होते, एकमेकांना चिकटलेले.

काका कागद नाचवत आले. "अहो, पण हिची आई मयत आहे! तुम्ही हिच्या भावाची बायको का?"

"हिला भाऊच नाही हो," बाई रडत रडत हसली. "आमचं घर मोठं होतं. तीन दीर, दोन नणंदा, सगळे मला वहिनी म्हणायचे. ही बोलायला लागली तीच वहिनी म्हणत. आणि सासूबाईंना सगळे आई म्हणायचे, म्हणून हिची आईसुद्धा त्याच. त्या वाटेत गेल्या."

"मग तुम्ही तिला शिकवलं नाहीत, आई म्हणायला?"

"एवढ्या माणसांत राहून गेलं. वाटलं, मोठी झाली की म्हणेल."

काका त्या सीटवर बसले. पेन काढून त्यांनी 'मयत' खोडले, 'बेपत्ता' खोडले, आणि त्यांना पुढे काय लिहावे ते सुचेना. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तिला उतरवा आधी. लिहायचं काय, सावकाश लिहा."

मित्रांनो, आता माझा आवाज फाटला आहे. निर्वासित कोण आणि पूरग्रस्त कोण, हे मला अजून नीटसे कळलेले नाही. सुतारबाबा अजूनही दोन्ही याद्यांच्या मध्ये उभे आहेत. चादरी हव्यात, पातेली हवीत, औषधे आणि स्वच्छ पाणी तर रोजच हवे, आणि तुम्ही जमेल ते जरूर पाठवा. मला कपाटात ठेवाल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतल्या आत पाझरतात. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. काका हल्ली छावणीत नवे मूल आले की मला टेबलावर पालथा घालतात, त्याच्यासमोर उकिडवे बसतात आणि हळूच विचारतात, "घरात तू कोणाला काय म्हणतोस?" उत्तर यायला कधी कधी खूप वेळ लागतो. तुम्हीही असेच विचारा आणि थांबा. तोवर मी गप्प बसायला तयार आहे.