आकडा सत्तर होईपर्यंत

सायराकान आपांच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या जागी मी हाडात स्क्रू बसवले होते आणि वर तात्पुरते दात चढवले होते. दिसायला झकास. पण मी बजावलं होतं, "कोमुझ तोंडाला लावायचं नाही. आकडा सत्तर होईपर्यंत नाही." लोखंडी कोमुझ मोरचंगासारखं दातांना टेकवून छेडतात, त्या थरथरीनं कच्चा स्क्रू हलणारच. अख्ख्या नारीनमध्ये आपांसारखं वाजवणारं दुसरं कोणी नाही आणि कवळीवर तो सूर निघत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आज तात्पुरते दात उतरवले, स्क्रूवर छोटी खुंटी बसवली आणि यंत्राची कांडी जवळ नेली. स्क्रू किती घट्ट बसलाय ते यंत्र आकड्यात सांगतं. बसवले तेव्हा आकडा चौसष्ट होता. सुरुवातीला थोडा उतरतो, मग हाड धरतं तसा चढतो. आपांचा उतरतच गेला होता. आज एकतीस. दुसऱ्या स्क्रूचाही जवळपास तेवढाच.

माझं डोकंच फिरलं. "आपा, वाजवलंत ना? खरं सांगा!"

"नाही गं पोरी."

"मग हाड काय आपोआप रुसलं? तुम्ही ऐकायचं नाही आणि मग माझ्या नावानं खडे फोडायचे!"

आपा रागावल्या नाहीत. "बात्मानं मागितलं होतं," म्हणाल्या. बात्मा त्यांची धाकटी बहीण. गेल्याच आठवड्यात अत-बाशीला तिला माती दिली. "आईची धून एकदा ऐकव म्हणाली. कोमुझ तिच्या उशाशीच होतं. मी म्हटलं, डॉक्टरीण नको म्हणते, आकडा वाढू दे. मग रोज डोळे उघडले की तिचं एकच, आज किती झाला? मी सांगायची, वाढतोय गं, वाढतोय."

मी एक्स-रे काढला. दोन्ही स्क्रूंभोवती काळी रेघ. हाडच विरलेलं, त्यानं स्क्रू कधी धरलेच नव्हते. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

"तेव्हा वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं गं?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "काही नाही, आपा. ते तसेही निघणारच होते."

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. दोन्ही स्क्रू मी बोटांनीच काढले. जोर लावावा लागला नाही.