दोन खोक्यांचा ट्रे

मी एक जुना ॲल्युमिनियमचा ट्रे आहे. मित्रांनो, माझं आयुष्य सांगण्याआधी माझा दुर्गुण सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. मी पक्का हेवेखोर आहे.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला बनवलं. तिथून मी आलो तो दोन बहिणींच्या घरी. थोरली शाळेची बस चालवायची, धाकटी दवाखान्यात नोंदणीला बसायची. दोघींची मिळून पाच मुलं एकाच छपराखाली. दर रविवारी दोघी चॉकलेट-पुदिन्याच्या वड्या करायच्या. सगळं घरी मोजूनमापून करायला वेळ कुणाला होता? तयार पिठाची दोन खोकी फोडायची, अंडी नि तेल घालून ढवळायचं आणि माझ्यात ओतायचं. भाजून गार झालं, की त्यावर धाकटीचा हिरवा थर: लोणी, साखर आणि पुदिन्याच्या अर्काचे मोजून सहा थेंब. सगळ्यात वर थोरलीचं वितळवलेलं चॉकलेट. कोपऱ्यातली वडी प्रत्येकाला हवी असायची. कोपरे चार आणि मुलं पाच, त्यामुळे भांडण ठरलेलं. मला फार बरं वाटायचं.

पुढे मुलं पांगली. धाकटीही दूरच्या गावी मुलाकडे राहायला गेली. घरात उरली थोरली आणि तिचा शिंपी नवरा. अशात थोरलीच्या सुनेने एक काचेचं भांडं आणलं. आकाराने माझ्या निम्मं.

"बघा ना आई, बाहेरून तिन्ही थर दिसतात," सून म्हणाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं हेच थर मी पोटात सांभाळले, तेव्हा कुणाला बघावेसे वाटले नाहीत. आता दोघांना एक खोकं पुरायचं, आणि ते त्या काचेच्या भांड्यात बरोबर मावायचं. मी त्या भांड्याला मनातल्या मनात महाराणी म्हणायचो. माझी रवानगी ओव्हनखालच्या खणात झाली. वर तिचं कौतुक चाललेलं ऐकू यायचं. एकदा तरी ती हातातून सुटावी, एवढीच माझी इच्छा होती. पण सुटायची नाही.

एका रविवारी माझं नशीब उघडलं. थोरलीने खोकं फोडलं, पीठ ढवळलं आणि पाहते तर महाराणीत साबणाचं पाणी, नि त्यात जुनी बटणं.

"अहो, ही बटणं?"

"भिजत घातलीत. मळ सुटला की नाही, ते बाहेरून दिसतं," शिंपी म्हणाला.

थोरलीने कपाळाला हात लावला आणि मला बाहेर ओढलं. महाराणीच्या नाकावर टिच्चून मी ओव्हनमध्ये शिरलो.

पण एका खोक्याचं पीठ माझ्यात पसरणार कितीसं? खोक्यावर लिहिलेली मिनिटं संपायच्या आतच कडा करपल्या आणि मधला भाग कडक झाला. हिरवा थर लावायची वेळच आली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुना झालाय. टाकून देते," उलथण्याने खरवडत थोरली म्हणाली. माझं धाबं दणाणलं.

"त्याला कशाला बोल लावतेस?" शिंपी बटणं पुसत होता. "तो होता तेवढाच आहे. आपणच थोडे उरलोय."

थोरलीने उलथणं खाली ठेवलं. तिने मला घासलं, पुसलं आणि धाकटीला फोन लावला.

"काही झालं नाही गं, वड्या करपल्या. तू ये ना थोडे दिवस. मुलांनाही सांगते. तुझ्यासारखा हिरवा थर मला नाही जमत."

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. पण तिने मला खणात न ठेवता ओट्यावर उभं केलं.

मित्रांनो, मी महाराणीवर उगाच जळत राहिलो. माझं काम तिने हिरावलं नव्हतं. ते पाच मुलांबरोबर घराबाहेर गेलं होतं. तुमच्याही घरी एखादं मोठं भांडं मागे पडलं असेल. त्याला घासूनपुसून ठेवाच, पण ते भरेल इतकी माणसंही कधीतरी बोलवा. त्यासाठी काही करपायची वाट पाहू नका.

माझ्या स्वभावाचं म्हणाल, तर तो एवढ्यात जाणार नाही. धाकटी आली, की आधी काचेच्या भांड्याचंच कौतुक करणार, हे मला ठाऊक आहे. करू दे. पण तिने यावं.